यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन) आणि आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) मेंब्रेनमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या पडद्यांमध्ये, फरक काय, सांडपाण्याला कुठलं लावायचं?

मुख्य फरक छिद्रांचा. यूएफची छिद्रं साधारण 0.01 ते 0.1 मायक्रॉन, त्यात गाळ, बॅक्टेरिया अडकतात पण विरघळलेले क्षार आरपार जातात, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) आहे तेवढाच राहतो. क्षार काढायचे तर आरओच, पण त्याला प्रेशर भरपूर लागतं, समुद्राच्या पाण्याला तर 55-70 बार, आणि जे खारट रिजेक्ट (मागे उरलेलं पाणी) निघतं त्याचं काय करणार ते आधीच ठरवा. सांडपाणी थेट आरओवर सोडू नका, मेंब्रेन लगेच चोक होतात, आधी एमबीआर (जिवाणूंची प्रक्रिया आणि मेंब्रेन एकत्र असलेली टाकी) किंवा यूएफ हवंच. आणि हो, क्लोरीन! पीव्हीडीएफचं (एक प्रकारचं प्लास्टिक) यूएफ हायपोने (क्लोरीनवालं सोडियम हायपोक्लोराइट) धुतलेलं चालतं, पण आरओचा पॉलिअमाइडचा थर क्लोरीनने खराब होतो तो कायमचाच, त्यामुळे आरओच्या आधी एसएमबीएसचा (सोडियम मेटाबायसल्फाइट, हे क्लोरीन मारतं) डोस नीट जातोय ना ते रोज बघा.