वाचकांचे प्रश्न : उंच वाफे करू की जमिनीतच लावू?

प्रश्न : घरामागे 10 बाय 20 ची जागा आहे, माती काळी. पावसाळ्यात नुसता चिखल होतो, मागच्या वर्षी मिरची, टोमॅटो सगळं पिवळं पडून गेलं. यूट्यूबवर बघून मिस्टर म्हणतायत विटांचे दोन फूट उंच वाफे बांधू, सासूबाई म्हणतात कशाला खर्च, आम्ही आयुष्यभर जमिनीतच लावलं. काय करू?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण विटा नको. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया न घेता बांधलेली भिंत तडकायला वेळ लागत नाही. शिवाय हिशेब बघा, 4 बाय 8 चा दोन फूट उंच एक वाफा भरायला 64 घनफूट माती लागते म्हणजे अर्ध्या ब्रासच्याही वर, आणि ती सगळी विकत!

तुम्ही साधा गादीवाफा करा, कांद्याच्या रोपांना करतात ना तोच. रुंदी साडेतीन-चार फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही (ओल्या काळ्या मातीवर पाय पडला की ती अशी घट्ट बसते की विचारू नका). मधल्या वाटा वीतभर खणायच्या, ती माती वाफ्यावर ओढायची, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत कालवायचं. नऊ इंच ते फूटभर उंची झाली की बास. वाटाच चर होतात, फक्त त्यांना एका बाजूला उतार द्या नाहीतर पाणी तिथेच तुंबेल. हे सगळं मे महिन्यात, माती कोरडी असताना उरका. मिरची, टोमॅटो, वांगी, कोथिंबीर वाफ्यावर.

पण सगळं वर नको हं. दुधी, दोडका, शेवगा, कढीपत्ता जमिनीतच लावा, त्यांना मुळं खोल सोडायला जागा लागते, फक्त बुंध्याशी पाणी साचणार नाही एवढं बघा. आणि आळू लावायचा असेल तर वाटांचं पाणी जिथे उतरतं तिथे, त्याला ओलच आवडते.

उन्हाळ्यात मात्र हिशेब उलटा. बार्शीच्या एप्रिल-मेच्या उन्हात उंच वाफा भराभर वाळतो, तेव्हा सासूबाईंचं ऐका, मेथी-पालक सपाट वाफ्यात टाका, वर उसाचं पाचट किंवा वाळलेलं गवत अंथरा.

विटांशिवाय मिस्टरांचं समाधान होणारच नसेल तर कडेला एक थर नुसता रचून ठेवू द्या, सिमेंट न लावता. लाकडी फळ्या मात्र नको, वाळवी लागते.