नव्या गाडीत सॅटेलाइट रेडिओ खरंच आहे की नुसतं ॲप, हे घेण्याआधी कसं ओळखायचं? आणि स्ट्रीमिंग असताना तो हवाच कशाला?

थोडक्यात प्रश्न असा: अमेरिकेत नवी गाडी घ्यायची आहे, डीलर म्हणतो "सिरियसएक्सएम आहे" (सिरियस आणि एक्सएम एक होऊन झालेली, उपग्रहावरून गाडीत रेडिओ ऐकवणारी पैसे भरून घ्यायची सेवा), ब्रोशरमध्ये धड काही सापडत नाही, आणि ऑफिसातले लोक म्हणतात की फोनवर सगळं वाजतं तर हे जुनं खूळ कशाला. "जुनं खूळ" वाचलं आणि राहवलं नाही. त्याचा समाचार पुढे घेतो, आधी गाडी.

"सिरियसएक्सएम आहे" याचे आज तीन वेगळे अर्थ होतात आणि समोरच्या सेल्समनला ते बहुधा ठाऊक नसतात. एक, डॅशबोर्डच्या आत उपग्रहाचा सिग्नल पकडणारा ट्यूनर आणि छतावर त्याचा अँटेना. दोन, ३६०एल, म्हणजे तोच ट्यूनर आणि जोडीला गाडीच्या मोडेमवरून, म्हणजे मोबाइल इंटरनेटवरून, येणारे जास्तीचे चॅनल. हा प्रकार २०१९च्या रॅम १५०० या पिकअप ट्रकपासून सुरू झाला आणि आता बऱ्याच कंपन्या तोच देतात. तीन, नुसतं ॲप. ट्यूनर नाही, उपग्रहाशी संबंध नाही, नाव मात्र तेच. टेस्लाच्या मॉडेल ३ आणि मॉडेल वायमध्ये ट्यूनर कधीच नव्हता; डिसेंबर २०२४च्या अपडेटमध्ये सिरियसएक्सएम आलं ते ॲप म्हणून, आणि ते इंटरनेटवरच चालतं. शोरूममध्ये तिन्ही प्रकार सारखेच वाजतात. फरक कळतो तो रेंज गेल्यावर.

काचेवर चिकटवलेला किमतीचा स्टिकर आधी वाचा, तोही तुम्ही घेताय त्याच गाडीचा, त्या मॉडेलचा नव्हे. एकाच मॉडेलच्या वरच्या ट्रिममध्ये, म्हणजे महागड्या आवृत्तीत, ट्यूनर असतो आणि खालच्यात नसतो, हे सर्रास चालतं. जनरल मोटर्सची (जीएम) गाडी असेल तर ऑप्शन कोडच्या यादीत यू२के शोधा, तो सॅटेलाइट रेडिओचा कोड. पण स्टिकरवर "तीन महिन्यांचं ट्रायल" एवढंच असेल तर त्यावरून काही ठरत नाही. ट्रायल ॲपचंही मिळतं.

म्हणून गाडीत बसा, सोर्समध्ये एसएक्सएम (सिरियसएक्सएमचं लघुरूप) निवडा आणि चॅनल ० लावा. आठ अक्षरी रेडिओ आयडी दिसला की ट्यूनर आहे. काही गाड्या ० घेत नाहीत, तिथे रेडिओच्या सेटिंग्जमध्ये आयडी सापडतो. जुन्या सिरियसच्या सेटमध्ये तो १२ आकडी असायचा. आयडीऐवजी ईमेल आणि पासवर्ड मागितला, तर ते ॲप समजा. आयडीचा फोटो काढून ठेवा. लिहून घेणार असाल तर लक्षात असू द्या की त्यात आय, ओ, एस आणि एफ ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. गोल दिसलं की शून्य, नागमोडी दिसलं की पाच. कितीतरी ॲक्टिव्हेशनचं गाडं इथेच अडतं.

छतावर शार्क फिन (माशाच्या परासारखा अँटेनाचा उंचवटा) आहे म्हणजे सॅटेलाइट रेडिओ आहे, असं मात्र धरू नका. त्या फिनखाली नुसतं जीपीएस आणि मोबाइलचा अँटेनाही असू शकतो. जुनी गाडी घेताना छताचं अस्तर उतरवायची संधी मिळालीच तर वायरींची टोकं बघा. फॅक्रा जोडणीत (गाडीतल्या अँटेनांच्या वायरींची रंगावरून ओळखायची टोकं) जीपीएस निळा, मोबाइल गडद लाल आणि सॅटेलाइट रेडिओ करी रंगाचा असतो. हो, करीच म्हणतात त्याला. आपल्या आमटीपेक्षा जरा फिकट.

आता ज्या जागी लोक हमखास फसतात आणि दोष मात्र उपग्रहाला देतात, तिथे येऊ. गाडी घरी येते, ट्रायल चालू असल्याचा मेल येतो, आणि रेडिओवर प्रीव्ह्यू चॅनल (पैसे न भरता वाजणारा नमुन्याचा चॅनल) सोडून काहीच लागत नाही. यामागचं कारण समजून घ्या. साधा सॅटेलाइट ट्यूनर फक्त ऐकतो, त्याला बोलता येत नाही. "माझे पैसे भरलेत, मला उघड" असं तो विचारू शकत नाही. कंपनी तुमच्या आयडीच्या नावाने परवानगीचा संदेश उपग्रहावरून अख्ख्या उत्तर अमेरिकेत सोडते आणि ठरावीक काळ तो पुन्हा पुन्हा पाठवते. त्या वेळात तुमचा रेडिओ चालू असेल आणि आकाश दिसत असेल तर कुलूप उघडतं. गाडी डीलरच्या शेडमध्ये बंद उभी असेल, तर संदेश येऊन जातो आणि हिला पत्ताही लागत नाही. डीलरने विक्रीची नोंद उशिरा केली तर संदेश मुळात निघतच नाही.

उपाय: गाडी गॅरेजबाहेर काढा, इंजिन चालू ठेवा, रेडिओ एसएक्सएमवर आणि प्रीव्ह्यू सोडून दुसऱ्या चॅनलवर ठेवा, मग वेबसाइटवर आयडी टाकून रिफ्रेश सिग्नल मागवा. पंधरा मिनिटं कशालाही हात लावू नका. मिनिटामिनिटाला बंद-चालू करणारा माणूस तो संदेश स्वतःच्या हाताने घालवत असतो. आणि "बाहेर" म्हणजे दक्षिणेला मोकळं. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ८५ आणि ११५ अंश पश्चिम रेखांशांच्या आसपास आहेत. शिकागोतून बघाल तर ते डोक्यावर नसतात, दक्षिणेच्या आकाशात साधारण ३५ ते ४० अंशांवर असतात. दक्षिणेला तीन मजली इमारत किंवा दाट मेपल असेल तर उघड्यावर उभी केलेली गाडीही बंद गॅरेजात असल्यासारखीच.

स्क्रीनवर काय लिहून येतं ते नीट वाचा. "नो सिग्नल" म्हणजे आकाशाची अडचण. "अनसबस्क्राइब्ड" म्हणजे परवानगीची. "चेक अँटेना" म्हणजे वायर तुटली, निसटली किंवा पाणी शिरलं. यावर शंभर रिफ्रेश मागवलेत तरी उपयोग नाही. छताचं काम झालेल्या अपघाती गाडीत हे विशेष तपासा. फिन स्वस्तातला बसवतात, दिसायला तोच, आत सॅटेलाइटचा भाग नाही.

आता त्या "खुळा"चं. गाडीत मोडेम आहे, फोन आहे, मग उपग्रह कशाला, हे मला इतक्यांदा ऐकवलं गेलंय की उत्तर तोंडपाठ झालंय. फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टीने ३जी बंद केलं आणि त्यावर अवलंबून असलेल्या कितीतरी गाड्यांच्या कनेक्टेड सुविधा एका झटक्यात गेल्या. गाड्या धडधाकट होत्या, मोडेम तेवढं निकामी झालं. त्याच वयाच्या गाडीतला एक्सएमचा ट्यूनर मात्र वाजत राहिला, कारण त्याचा पट्टा वेगळा, २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झचा, आणि तो कुठल्याही मोबाइल कंपनीच्या पिढीबदलावर अवलंबून नाही. आज तुमच्या गाडीत ४जीचं मोडेम असेल तर त्याचंही कधीतरी हेच होणार. आणि "मरता धंदा" म्हणणाऱ्यांना विचारा, डिसेंबर २०२४ मध्ये एसएक्सएम-९ आणि जून २०२५ मध्ये एसएक्सएम-१० उपग्रह कशाला सोडले? पंधरा वर्षांच्या हिशेबाने बांधलेली यंत्रं मरणाऱ्यासाठी कोणी सोडत नाही.

नेवाडात यूएस ५० महामार्गावर फॅलन ते ईली हा सुमारे अडीचशे मैलांचा पट्टा आहे. तिथे फोनची रेंज येते-जाते. उपग्रहाला मोकळं वाळवंट म्हणजे माहेर. उलट मॅनहॅटनच्या इमारतींच्या दरीत उपग्रह दिसत नाही, म्हणून शहरांत जमिनीवरचे रिपीटर, म्हणजे तोच सिग्नल पुन्हा सोडणारी यंत्रं, ठेवलेले असतात. उड्डाणपुलाखालून जाताना आवाज तुटत नाही, कारण तोच कार्यक्रम दुसऱ्या उपग्रहावरून सुमारे चार सेकंद उशिरा सोडतात आणि रेडिओ दोन्ही जुळवून घेतो. ताशी ६५ मैलांना चार सेकंद म्हणजे साधारण ११५ मीटर. पूल पार पडतो, लांब बोगदा नाही.

डेटाचं म्हणाल तर १२८ केबीपीएसचं स्ट्रीम तासाला ५८ एमबीच्या आसपास खातं. रोज दोन तास धरले तर महिन्याला साडेतीन जीबी. हे फार नाही, तेव्हा "डेटा वाचतो" हा मुद्दा मी करणार नाही. आवाजाच्या दर्जावर तर स्ट्रीमिंगच जिंकतं. उपग्रहाच्या थोड्या जागेत खूप चॅनल कोंबलेले असतात, त्यामुळे गाण्यांची झांज पत्र्यासारखी वाजते. बातम्या, खेळ, गप्पा यांना तो चालतो. शास्त्रीय ऐकायचं असेल तर नाव घेऊ नका.

आपल्या लोकांची खरी अढी वर्ल्डस्पेसमुळे, म्हणजे भारतात चाललेल्या सॅटेलाइट रेडिओ सेवेमुळे, आहे. भारतात ३१ डिसेंबर २००९ ला ते बंद झालं, साडेचार लाखांच्या घरातले ग्राहक रेडिओ घेऊन बसले, आणि तेव्हापासून "सॅटेलाइट रेडिओ म्हणजे बुडीत खातं" हे डोक्यात पक्कं झालं. त्यावर मराठीचं सुरभी होतं, हिंदुस्थानी संगीताचं गंधर्व होतं. कार्यक्रमांत खोट नव्हती. तो रेडिओ गाडीत नव्हता, ही खोट होती. खिडकीशी ठेवा, अँटेनाची पाटी एशियास्टार उपग्रहाकडे वळवा, मधे झाड आलं की संपलं. चालत्या गाडीला शहरात जमिनीवरचे रिपीटर लागतात आणि ते भारतात उभे राहिलेच नाहीत. अमेरिकेतलं एक्सएम २००१ मध्ये आणि सिरियस २००२ मध्ये सुरू झालं, दोघांनाही पैशाची ओढाताण चुकली नाही, २००८ मध्ये एकत्र व्हावं लागलं. पण कारखान्यातूनच डॅशमध्ये बसून आले म्हणून तगले. म्हणून म्हणतो, ॲपवर समाधान मानू नका. डॅशमध्ये ट्यूनर नसलेलं सिरियसएक्सएम म्हणजे नुसती आणखी एक स्ट्रीमिंग सेवा, आणि तशा तुमच्या फोनवर आधीच चार असतील.

मनात भरलेल्या गाडीत ट्यूनर नसेलच तर नंतर बसवता येतो, पण हौशीने नको. बदलता येण्याजोगा स्टिरिओ असेल आणि त्यावर "सिरियसएक्सएम-रेडी" लिहिलं असेल तर मागे एसएक्सव्ही३०० ट्यूनर जोडतात. आजच्या बहुतेक नव्या गाड्यांत स्क्रीन गाडीच्या इतर यंत्रणांशी गुंतलेली असते, तिथे हा मार्ग बंद. मग उरतात ओनिक्स ईझेडआरसारखे डॅशवर ठेवायचे किंवा रोडी बीटीसारखे ब्लूटूथवर चालणारे सेट. एफएमवरून जोडाल तर मोठ्या शहरात रिकामी फ्रिक्वेन्सी सापडत नाही आणि खरखर होते. ऑक्सची (आवाजाची वायर खुपसायची) भोकं नव्या गाड्यांत फारशी उरलेली नाहीत. ब्लूटूथवर लावाल तर कारप्लेशी (फोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) भांडण, एक आला की दुसरा गप्प. अँटेना चुंबकाचा असतो आणि त्याला खाली लोखंडी पत्रा लागतो. काचेच्या छतावर तो बसत नाही आणि २०१५ नंतरच्या फोर्ड एफ-१५० वर तर चिकटणारच नाही, तिची बॉडी ॲल्युमिनियमची आहे. वायर मागच्या दाराच्या रबराखालून घ्या, बिजागरीच्या बाजूने नको, तिथे ती महिन्याभरात चिरडते.

एवढं ठासून सांगितल्यावर आता पुस्ती. तुमचं रोजचं जाणं घर-ऑफिस-कॉस्टकोचं दुकान एवढंच असेल तर यातलं काही लागत नाही, ट्रायल संपू द्या. ३६०एलमध्ये गाडीची कनेक्टेड सेवा संपली की मोडेमवरचे जास्तीचे चॅनल जातात, उपग्रहावरचे राहतात. डीलर हे सांगत नाही. ट्रायलला कार्ड दिलं असेल तर शेवटची तारीख कॅलेंडरात टाका. रद्द करण्याची कटकट इतकी गाजली की नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ती पद्धत संघीय कायद्याचा भंग करणारी ठरवली. भाव विचाराल तेव्हा रॉयल्टी शुल्क आणि कर धरून महिन्याला किती, असं विचारा, आणि पहिल्या आकड्याला हो म्हणू नका. "मग राहू द्या" म्हटल्यावर तो बहुधा खाली येतो.

मराठी गाण्यांचा चॅनल त्यावर नाही. ती लांबच्या प्रवासाआधी घरच्या वायफायवर फोनमध्ये उतरवून घ्या.