चुन्याच्या भट्टीतले 178 किलोजूल

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी अडचण कळली. उष्मादायी (उष्णता सोडणाऱ्या) आणि उष्माग्राही (उष्णता घेणाऱ्या) अभिक्रियांच्या दोन याद्या केल्यास, पाठही केल्यास, आणि तरी यादीबाहेरचं काही विचारलं की हात थांबतो. थांबणारच. अशा याद्या गाइड छापणाऱ्यांच्या सोयीच्या. त्या बाजूला ठेव आणि सध्या एकच पदार्थ धरून बैस: चुना.

चुनखडी, म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट, भट्टीत साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. (कोकणात समुद्रकाठी दगडाऐवजी शिंपले भाजत; रसायन तेच.) एक मोल (पदार्थाचे कण मोजायचं रसायनातलं ठरलेलं माप) चुनखडी 100 ग्रॅम भरते. तिच्या विघटनाला 178 किलोजूल लागतात आणि हाती येतो 56 ग्रॅम कळीचा चुना. लाकूडफाटा जाळून दिलेली ती ऊर्जा गेली कुठे? बरीचशी त्या पांढऱ्या ढेकळांच्या आणि उडून गेलेल्या वायूच्या खात्यावर जमा आहे.

पटत नसेल तर चुना विरवताना बघ. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो फुगतो, तडकतो, वाफ येऊ लागते. खाली जाळ नाही, तरी त्या 56 ग्रॅममागे 65 किलोजूल बाहेर पडतात. वाया न घालवता वापरले तर 200 ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानापासून जवळजवळ उकळीला येईल. हे घरी करून बघायचं नाही. उडालेला चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. विरलेला चुना वाळूत मळून भिंतीत भरला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, पाणी सोडतो आणि सावकाश परत कॅल्शिअम कार्बोनेट होतो. जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या भिंती अशाच घट्ट झाल्या. या पायरीतही उष्णता निघते, मोलमागे 113 किलोजूल. पण ती इतकी रेंगाळत निघते की भिंतीला हात लावून कुणाला काही कळत नाही. उष्मादायी म्हणजे हाताला चटका बसलाच पाहिजे, असं नाही.

आता बेरीज कर. 65 आणि 113, झाले 178. भट्टीत घातले तेवढेच. (हे तिन्ही आकडे 25 अंशांना मोजल्याप्रमाणे आहेत, म्हणून हिशेब जुळतो.) सुरुवात आणि शेवट तेच असतील तर मधल्या पायऱ्या किती हे बघावं लागत नाही, एकूण ऊर्जाबदल तोच येतो. 1840 मध्ये सेंट पीटर्सबर्गला रसायनशास्त्रज्ञ जर्मेन हेसनं हे मांडलं. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम तेव्हा अजून सर्वमान्य व्हायचा होता. अकरावी-बारावीत हेसचा नियम येईल तेव्हा घाबरू नकोस. तो तू आत्ताच वापरलास.

चिन्हांचा गोंधळ मात्र आधी मिटव. चुना विरवण्याच्या अभिक्रियेपुढे वजा 65 लिहितात, म्हणजे अभिक्रिया करणाऱ्या पदार्थांनी 65 गमावले. ते गेले भांड्याला, पाण्याला, हवेला. थर्मामीटर भोवतालात असतो, म्हणून पारा चढतो तेव्हा पदार्थांच्या खात्यात वजा लिहायचं. गणित सोडवताना दर वेळी विचार: कोणाचं खातं?

आणि एक समजूत काढून टाक. रासायनिक बंध तुटला की ऊर्जा बाहेर येते, हे तू कुठेतरी ऐकलंच असशील. ते उलट आहे. बंध तोडायला ऊर्जा घालावीच लागते. मिळते ती नवा बंध जुळताना. हायड्रोजन आणि क्लोरीनचं उदाहरण घे. एक मोल हायड्रोजनचे बंध तोडायला 436, क्लोरीनचे तोडायला 242, म्हणजे खर्च 678 किलोजूल. हायड्रोजन क्लोराइडचे दोन मोल बंध जुळले की प्रत्येकी 431 प्रमाणे 862 मिळतात. फरक 184, आणि तो बाहेर पडतो, म्हणून उत्तर वजा 184. गॅसच्या शेगडीचंही असंच. ऊर्जा सिलिंडरमध्ये भरून ठेवलेली असते असं आपण सहज बोलून जातो, पण ऑक्सिजनशिवाय त्या गॅसला ज्योत नाही. ऑक्सिजनच्या रेणूतला बंध त्या मानाने कच्चा आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्यातले बंध पक्के. उष्णता त्या फरकातून येते.

हाताने करून बघायचं असेल तर नवसागर घे, म्हणजे अमोनिअम क्लोराइड. कल्हईवाले वापरतात तोच, पण शाळेच्या प्रयोगशाळेतून शुद्ध मिळाला तर बरं. फोमच्या कपात 100 मिलिलिटर पाणी घे, तापमान लिहून ठेव, 5.35 ग्रॅम नवसागर घाल आणि ढवळ. हा विरघळताना मोलमागे सुमारे 15 किलोजूल घेतो. तू घातलास मोलाचा दहावा भाग, तेव्हा पारा किती अंश उतरेल हे आधी कागदावर काढ. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला किंवा निवायला 4.18 जूल, एवढं पुरे. माझं उत्तर साडेतीन अंशांच्या जरा आत येतं. तुझा थर्मामीटर त्याहून कमी दाखवेल. कपाने आणि हवेने यात नेमकं काय केलं, ते पुढच्या पत्रात लिहून पाठव.

तुझे,
सर