ध्येय कशासाठी, हेतू कशापोटी?

सोलापुरातून आलेला प्रश्न असा: चर्चच्या तरुण संघात नव्या वर्षासाठी प्रत्येकाने वहीत आपलं 'आध्यात्मिक ध्येय' लिहायचं आहे आणि पाळकसाहेबांनी 'हेतू शुद्ध ठेवा' असं बजावलंय. मग ध्येय आणि हेतू यांत फरक तो काय? 'संकल्प' किंवा 'नवस' म्हटलं तर चालेल का?

फरक आहे, आणि तो कोशापेक्षा आपल्या रोजच्या शब्दयोगी अव्ययांत चटकन सापडतो. ध्येयाला 'साठी' लागतं, हेतूला 'पोटी' किंवा 'पायी'. 'यंदा सगळं बायबल वाचून काढायचं' हे ध्येय. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. रोज ३-४ वाचले की वर्षात होतं. पण ते वाचायचं ओढीपोटी, की संघातल्या दुसऱ्याने गेल्या वर्षी पुरं केलं म्हणून ईर्ष्येपोटी? वहीतली ओळ दोघांची सारखीच, हेतू निराळा.

'पोटी' बऱ्या-वाईट दोन्हींना चालतं: मायेपोटी, काळजीपोटी, आकसापोटी. ते असणारच, माणसाच्या मनातलं आपण पोटातच शोधतो, 'पोटात एक, ओठात एक' म्हणतो. 'पायी' आलं की मात्र बहुधा तक्रार असते: पैशापायी, हट्टापायी, नावापायी. सोलापुरात कुणी 'कशापायी बे?' असं विचारलं, तर त्याला तुमचं म्हणणं पटलेलं नाही हे ओळखावं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल नेमकं इथेच बोट ठेवतो. या गोष्टी सोडा असं तो म्हणत नाही. उपास करणाऱ्याने तोंड धुवावं, डोक्याला तेल लावावं, म्हणजे उपास लोकांना दिसणार नाही. उपास तसाच राहतो, 'नावापायी' तेवढं गळतं.

ही विभागणी काटेकोर नाही, हेही सांगायला हवं. याकोबाच्या पत्रात (४:३) मागूनही मिळत नाही त्याचं कारण दिलंय: तुम्ही मागता ते चैनीसाठी. इथे 'साठी'नेच हेतू उघडा पाडला.

'संकल्प' चालेल, पण मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तो दोन्हीकडे वावरतो. रोमकरांस पत्रात (८:२८) संकल्प देवाचा, योजनेच्या अर्थाने. करिंथकरांस पहिल्या पत्रात (४:५) अंतःकरणातले संकल्प प्रभू उघड करील असं आहे, तिथे अर्थ हेतूकडे झुकतो. तुम्हाला दोहोंत फरक दाखवायचा असेल, तर हा शब्द घोटाळा करील.

'नवस' म्हटलं की सोलापूरकराला आधी गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा आठवते, म्हणून तो तुमच्यापैकी काहींना परका वाटत असेल. तसा तो नाही. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात याकोब (वरच्या पत्रातला नव्हे, हा वेगळा) नवसच करतो: अन्नवस्त्र दिलंस, सुखरूप घरी आणलंस, तर तू माझा देव आणि सगळ्याचा दशांश तुला. अडचण आहे ती त्या 'तर'ची. नवसाला बहुतेकदा अट चिकटलेली असते. तुमच्या वहीत ती नको असेल, तर 'ध्येय'च ठेवा आणि शेजारच्या रकान्यावर 'कशापोटी?' असं लिहा.

राहिलं 'आध्यात्मिक'. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रुळलेला शब्द 'आत्मिक' आहे: आत्मिक वाढ, आत्मिक जीवन. मी तोच वापरीन. 'आध्यात्मिक'च हवं असेल, तर सुरुवातीला 'आ' लिहा, 'अध्यात्मिक' चूक.