नवऱ्याचे लैंगिक व्यसन आणि पत्नीचा प्रश्न : मी कुठे कमी पडले?

“मॅडम, मी कुठे कमी पडले, एवढंच सांगा.” समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या वंदनाताई खुर्चीत बसताच हे बोलल्या. (नाव व काही तपशील बदलले आहेत, लिहिण्यास त्यांची संमती आहे.) नवऱ्याचे अश्लील चित्रफितींचे वेड, पैसे देऊन ठेवलेले संबंध आणि त्यापायी काढलेले कर्ज उघडकीस येऊन तेव्हा दीड महिना झाला होता. नवरा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ लागला होता आणि सासूबाईंनी सुनेला बजावले होते, “आता तूच त्याला सांभाळून घे.” या दीड महिन्यात तिला झोप लागते का, ती जेवते का, हे घरातल्या एकानेही विचारले नव्हते.

त्यांच्या प्रश्नाला मी त्याच भेटीत उत्तर दिले : कुठेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात अनिवार्य लैंगिक वर्तनाचा विकार हा आवेगांवर ताबा न राहण्याच्या विकारांमध्ये मोडतो. साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ ऊर्मी आवरता न येणे, संसाराचे व कामाचे नुकसान होत असूनही, अगदी त्यातून सुख मिळेनासे झाले तरी, तेच वर्तन चालू राहणे, असे त्याचे निकष आहेत. पत्नी कशी दिसते, ती किती जवळ येते, याचा त्या निकषांत उल्लेखही नाही. पुढे एका एकत्र भेटीत पतीने स्वतःच सांगितले की हे सारे लग्नाच्या कितीतरी आधीपासून चालू होते. ते ऐकून वंदनाताई बराच वेळ रडल्या. अर्थात, निदान झाले म्हणून वर्षानुवर्षांच्या खोटेपणाची जबाबदारी त्या माणसावरून उतरत नाही, हेही मी दोघांसमोर सांगितले.

दुसऱ्या भेटीला त्यांनी मुलीची उरलेली शंभर पानी वही आणली. खाकी कव्हर घातलेल्या त्या वहीत पट्टीने रकाने आखले होते : तारीख, घरी येण्याची वेळ, मोबाइलची बॅटरी किती उतरली, खात्यातून किती रुपये गेले. एका रात्रीच्या रकान्यात 2.10, 3.25 आणि 4.40 अशा तीन वेळा होत्या. नवरा झोपलेला असताना त्या तीनदा उठून फोन पाहून आल्या होत्या. “मी लक्ष ठेवलं नाही तर हे पुन्हा जातील,” असे त्या म्हणाल्या. मला त्या रकान्यांत नवऱ्यापेक्षा त्यांचाच आजार जास्त दिसत होता.

पूर्वी उपचार करणाऱ्यांनीही अशा पत्नींवर अन्याय केला आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत या व्यसनावर उपचार सुरू झाले, तेव्हा दारूच्या व्यसनाच्या धर्तीवर जोडीदारालाही सह-व्यसनी ठरवले जाई. म्हणजे फसवले गेलेल्या बाईलाच आजारातली वाटेकरीण मानायचे. पुढे 2000 नंतर काही संशोधकांनी या स्त्रियांची लक्षणे नीट पाहिली. दचकून उठणे, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, सतत सावध राहणे, ही आघातानंतरची लक्षणे आहेत, असे मग मांडले गेले. मला हीच दृष्टी योग्य वाटते, कारण आघात मान्य केला तरच त्यावर उपचार करता येतात.

दारुड्याच्या बायकोचे दुःख निदान शेजारणीला तरी दिसते. पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे, जिथे बायका एकमेकींपुढे मन मोकळे करतात. लैंगिक व्यसनात मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार असतो. माहेरी सांगावे तर “घरात मिळत नसेल म्हणून बाहेर जातो” हे ऐकावे लागेल, ही वंदनाताईंची भीती अनाठायी नव्हती. म्हणून आम्ही दोघींनी मिळून एकच माणूस निवडला, सल्ले न देता ऐकून घेणारी त्यांची मावसबहीण, आणि तिला काय सांगायचे व काय नाही, हेही आधी ठरवले.

काही कामे तातडीची होती. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची चाचणी विनामूल्य होते. ती त्यांनी केली, अलीकडचा संसर्ग लगेच दिसत नसल्यामुळे तीन महिन्यांनी पुन्हा केली आणि इतर लैंगिक आजारांसाठीही तपासणी करून घेतली. पगाराचे खाते वेगळे केले. शरीरसंबंधाला नाही म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे आणि नवऱ्याच्या उपचारांसाठी त्यांनी तो सोडण्याची गरज नाही, हे मी स्पष्टपणे सांगितले. संसार ठेवायचा की मोडायचा, हा निर्णय काही महिने पुढे ढकलला. रात्री फार असह्य झाले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोलता येते, हेही सांगून ठेवले.

वही मी फाडायला सांगितली नाही. ती उलटी करून मागच्या पानापासून स्वतःची झोप, जेवण आणि दिवसभरात कोणाशी बोलणे झाले, एवढेच लिहायला सांगितले. पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंनी पाने भरली.

पाचव्या महिन्यात नवऱ्याचा पाय पुन्हा घसरला आणि त्याने ते आपणहून कबूल केले. वंदनाताईंनी त्या रात्री फोन तपासला नाही. उपचारांचे तू आणि तुझे डॉक्टर बघा, असे सांगून त्या मुलीला घेऊन दोन दिवस मावसबहिणीकडे राहिल्या. संसाराचा निर्णय त्यांनी अजून घेतलेला नाही.