कॅथलिक लोक पापांची कबुली थेट देवाला न देता फादरसमोर का देतात?

क्षमा देवच करतो. फादर चर्चच्या वतीने ती उच्चारतात, म्हणून कबुली त्यांच्यासमोर द्यायची. आधार बायबलमधल्या योहानच्या शुभवर्तमानातला (२०:२३): ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांना क्षमा झाली आहे, असं पुनरुत्थित येशू शिष्यांना सांगतो. मी वसईचा कॅथलिक, लहानपणापासून कन्फेशनला जातो. जाळीपलीकडे फादर, अलीकडे गुडघे टेकून आपण. शेवटचं कन्फेशन कधी केलं ते सांगायचं, मग पापं नाव घेऊन सांगायची. ‘माझं चुकलं असेल’ असं मोघम चालत नाही, आणि मला तरी सगळं मर्म तिथेच वाटतं. नुसतं मनात म्हणताना माणूस स्वतःला सवलत देतो. तोंडाने ‘मी भावाचे पैसे बुडवले’ म्हणताना ती मिळत नाही. फादर प्रायश्चित्त देतात, बहुधा काही प्रार्थना. पण पैसे बुडवले असतील तर ते परतही करावे लागतात, प्रार्थनेने हिशेब मिटत नाही. पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल, तर क्षमेचे शब्दही लागू पडत नाहीत. ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, अगदी पोलिसांनाही. जाणूनबुजून थेट फोडलं तर ते चर्चमधून बहिष्कृत होतात.

मात्र प्रत्येक बारीकसारीक चूक सांगायची सक्ती नाही. बंधन गंभीर पापांपुरतं, वर्षातून निदान एकदा. वर्षातून एकदाचा हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासूनचा, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या धर्मसभेपासूनचा.