डेंटलच्या मुलीची दाढ आणि फुकटचा संकोच

“मॅडम, मी बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझीच दाढ किडल्या. सरांना दाखवावं तर फुकट करा म्हटल्यासारखं होतंय. बाहेर गेलो तर ओळखीचे डॉक्टर पैसे घेत नाहीत, मग आणखीनच लाज वाटत्या.”

कोल्हापूरची मुलगी, त्यामुळं ‘गेलो’च म्हणणार. ओळख पटू नये म्हणून तिचे काही तपशील बदलले आहेत, पण प्रश्न तिच्या एकटीचा नाही. डेंटल-मेडिकलची मुलं आमच्याकडं समुपदेशनाला येतात ती परीक्षेच्या ताणाचं कारण सांगून, आणि अर्ध्या तासानं असलं काहीतरी बाहेर पडतं. हिचा तर बोलताना हात सारखा डाव्या गालाकडं जात होता.

दाढ खालची, डावीकडची पहिली मोठी. डेंटलवाल्यांच्या भाषेत ३६ नंबर. आधी थंड पाण्यानं कळ यायची आणि मिनिटभर रेंगाळायची. मग ती रात्री झोपेतून उठवायला लागली. मिसळीचा गरम कट तोंडात गेला की डोळ्यांत पाणी. याचा अर्थ तिला पाठ होता: कळ अशी रेंगाळली आणि दात आपोआप ठणकायला लागला की आतली नस परत बरी होत नाही, रूट कॅनालच करावं लागतं. पेपरात विचारलं असतं तर पूर्ण मार्क. स्वतःवर मात्र तिनं मेडिकलमधून आणून अँटिबायोटिकचे दोन कोर्स केले. या टप्प्यावर त्यांचा दुखण्याला काही उपयोग नसतो. दुखतं ते दाताच्या कडक भिंतींत कोंडलेल्या सुजलेल्या नसेमुळं, आणि गोळी तो कोंडमारा सोडवत नाही.

शेवटी ओळखीच्या एका इंटर्न ताईनं जेवणाच्या सुट्टीत रिकामी खुर्ची बघून दाढ उघडून दिली. केसपेपर नाही, एक्स-रे नाही, लाळ दूर ठेवायला दाताभोवती लावतात तो रबर डॅम नाही, कुणा सरांची नजर नाही. आत कापसाचा बोळा, वर तात्पुरतं सिमेंट. कळ थांबली. “उरलेलं पुढच्या आठवड्यात करू या,” असं ठरलं आणि ताईचं पोस्टिंग दुसऱ्या विभागात लागलं. पाच आठवडे गेले. तात्पुरतं सिमेंट निदान साडेतीन मिलिमीटर जाड असावं लागतं, आणि तेही थोड्या दिवसांसाठी. बोळा मोठा बसला की सिमेंटला जागाच उरत नाही. इथं तेच झालं असणार: सिमेंट झिजलं, लाळ आत गेली. आमच्याकडं आली तेव्हा चावलं की दुखत होतं आणि दाढेखाली हिरडीवर मोहरीएवढी पुळी होती.

तिला आम्ही एवढंच विचारलं, “पाच आठवड्यांत ताईला एकदाही फोन का केला नाहीस?”

“फुकट केलंय तिनं. परत कुठल्या तोंडानं सांगू?”

गाठ नेमकी इथं आहे. फुकटच्या उपचारात धोका हाताच्या कौशल्याचा कमी आणि या गप्प बसण्याचा जास्त असतो. खिडकीवर पावती फाटली नाही म्हणजे पुढची तारीखही मिळत नाही, आणि पैसे दिले नाहीत म्हणून ‘माझं काम अर्धवट राहिलंय’ म्हणायला जीभ उचलत नाही. डॉक्टरही बाकीचे पेशंट संपल्यावर बघू म्हणतात. त्यात कुणाचं वाईट नसतं, पण दाढ थांबत नाही.

डॉक्टरांनी डॉक्टरांकडून पैसे न घेण्याची चाल जुनी आहे. हिपोक्रेटिसच्या शपथेत गुरूच्या मुलांना फी न घेता विद्या शिकवण्याचं वचन आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १८४७ च्या संहितेत डॉक्टर, त्यांच्या बायका आणि सांभाळातली मुलं यांना मोफत सेवेचा हक्कच सांगितला होता. आपल्याकडं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत भाषा मऊ आहे: सहकारी डॉक्टर आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले जवळचे कुटुंबीय यांची मोफत सेवा करण्यात आनंद आणि मान समजावा. म्हणजे तो देणाऱ्याचा आनंद आहे, घेणाऱ्याची वसुली नव्हे. आणि विद्यार्थी अजून ‘सहकारी’ही नसतो, इंटर्नशिप संपून राज्य दंत परिषदेत नोंदणी झाल्यावर तो डेंटिस्ट. त्याला मिळते ती कॉलेजची सवलत किंवा शिक्षकाची माया. दोन्ही घेण्यात कमीपणा नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं काढली, त्यात राहून पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्यांचं हे गाव आहे; सवलतीत वाढलेल्या माणसाला इथं कुणी भिकारी म्हटलेलं नाही.

तिच्या लाजेचे आम्ही तीन तुकडे केले. ‘डेंटलची असून दात किडले’ हा पहिला. तो सोडून द्यायचा. हृदयरोगतज्ज्ञांनाही झटका येतो. ‘फुकट मागणं’ हा दुसरा, आणि तो वाक्य बदललं की सुटतो. तिसरा मात्र खरा होता: ज्या सरांना दाखवायचं तेच तिची व्हायवा घेणार. यावर उपाय एकच, तिला शिकवणाऱ्या-तपासणाऱ्या शिक्षकाऐवजी दुसऱ्या युनिटकडं किंवा पीजीकडं, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरकडं, केस द्यायची आणि देखरेखीला तिथले सर.

वाक्य आम्ही कागदावर लिहून घेतलं आणि तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं: “सर, माझ्या ३६ चं रूट कॅनाल अर्धवट आहे, हिरडीवर पुळी आल्या. मला केसपेपर काढून ओपीडीतून उपचार घ्यायचेत. विद्यार्थ्यांसाठी फीचा नियम काय आहे, ते कुठं विचारू?” यात फुकट हा शब्द नाही. दाढ कुणी उघडली तेही नाही. विचारलं तर खरं सांगायचं, आपणहून ताईचं नाव घ्यायची गरज नाही.

फीचा नियम कॉलेजागणिक वेगळा असतो: कुठं सगळं माफ, कुठं केसपेपर आणि एक्स-रेचे पैसे, कुठं निम्मी फी. तो ऑफिसात विचारायचा, होस्टेलच्या गप्पांत नाही. आणि काहीही माफ असलं तरी एक खर्च कुणाच्या तरी खिशातून जातोच: लॅबचा. रूट कॅनाल झालेल्या मोठ्या दाढेवर कॅप बसवली नाही तर ती चावताना उभी चिरण्याची भीती असते, आणि मुळापर्यंत चिरलेली दाढ काढावीच लागते. कॅप बाहेरची लॅब बनवते, ती बिल लावते. म्हणून पहिल्याच दिवशी विचारायचं: कॅप धातूची, सिरॅमिकची की झिरकोनियाची, आणि लॅबचं बिल कोण देणार? फुकटच्या केसेस अडकतात त्या बहुतेक इथंच. रूट कॅनाल होतं, कॅपचं कुणी बोलत नाही.

राजारामपुरीतल्या घरच्या ओळखीच्या डॉक्टरांकडं गेलं तरी हिशोब हाच. पैसे एकदा मनापासून विचारायचे. नको म्हणाले तर ओढाताण करायची नाही, लॅबचं बिल तेवढं देऊ द्या म्हणायचं. संध्याकाळची गर्दीची वेळ मागायची नाही, दिलेली वेळ चुकवायची नाही. उपचार संपल्यावर गुळाची ढेप नेली तर चालते. दातांच्या डॉक्टरला गूळ, पण कोल्हापुरात याला कुणी हसत नाही.

आणि फुकटचा म्हणून आपण अर्धा पेशंट, हा समज काढून टाकायचा. जिथं काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत बघतात, तिथला मोफतचा रुग्णही ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयानं व्ही. पी. शांता खटल्यात १९९५ मध्ये सांगितलं आहे. भांडायला नव्हे, सरळ उभं राहून तारीख मागायला हे माहीत असावं.

तिचं काम तीन बैठकांत झालं. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली होती, म्हणजे तिथलं हाड संसर्गानं झिजलं होतं. या दाढेत बहुधा तीन कॅनाल, म्हणजे मुळातल्या नसेच्या नळ्या, सापडतात, तिला चौथाही निघाला. तो राहिला असता तर सगळं परत करावं लागलं असतं. फी माफ झाली, लॅबचं बिल तिनं भरलं.

मध्येच आईचा फोन आला होता: “होतंयच फुकट, तर बाबांची कवळी पण करून घे की!” याला नाही म्हणायची गरज नव्हती. विद्यार्थ्यांना कवळीच्या केसेस पूर्ण कराव्याच लागतात, पेशंट हवेच असतात. फक्त दोन गोष्टी घरी आधी सांगायच्या. कवळीला पाच-सहा खेपा लागतात: दोनदा माप, मग चावा कसा बसतो ते, मग मेणातली ट्रायल, मग बसवणं, आणि घासत असेल तर पुन्हा. राधानगरीहून एसटीनं येणाऱ्या माणसाचे तेवढे दिवस मोडतात. आणि केस मुलीच्या नावावर नको, तिच्या वर्गमित्राकडं द्यायची, म्हणजे टोचतंय हे बाबा मोकळेपणानं सांगतील.

दाढेचा सहा महिन्यांचा एक्स-रे अजून व्हायचा आहे. सावली भरून येते का, ते त्यात दिसेल. ती तारीख नेमकी परीक्षेच्या आठवड्यात आली, तेव्हा तिनं खिडकीवर जाऊन केसपेपर पुढं केला आणि पुढची मागून घेतली.